रायझन २६०० नंतर काय? घरच्या बॉइंक संगणकासाठी प्रोसेसर निवडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी रायझन ५ २६००, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या मिळून १६ जीबी डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि ४५० वॅटचा पॉवर सप्लाय. त्यावर दिवसरात्र बॉइंक चालू, म्हणजे घरच्या संगणकाची ताकद वैज्ञानिक प्रकल्पांच्या गणितांना देणारं सॉफ्टवेअर. कामं आइन्स्टाइन ॲट होम, रोझेटा ॲट होम आणि वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडची, अधूनमधून प्राइमग्रिडची. हाताशी वीस-पंचवीस हजार आहेत. त्यात ५७००एक्स घ्यावा, ५९००एक्स, ५९५०एक्स की ५७००एक्स३डी? की आताचा एएम४ सॉकेटचा बोर्ड आणि सगळं बदलून एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर जावं? राहायला जळगावात, त्यामुळे उन्हाळ्याची धास्ती आहे, आणि घरात विजेच्या बिलावरून कुरबूर सुरू झाली आहे.

उत्तर आधी देतो, कारणं मागून. बोर्डाच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) उष्णता खेचणारा धातूचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, असेल तर बारा कोअरांचा ५९००एक्स घ्या, तो पहिल्या दिवसापासून कमी विजेच्या इको मोडमध्ये चालवा आणि रॅम ३२ जीबी करा. हीटसिंक नसेल, किंवा रॅम आणि कूलर धरून पैसे पुरत नसतील, तर आठ कोअरांचा ५७००एक्स. ५७००एक्स३डी फक्त एका प्रकारच्या कामासाठी, त्याबद्दल पुढे सांगतो. एएम५ या पैशांत सोडून द्या. आणि तुमचा जीव खरोखर आइन्स्टाइन ॲट होममध्ये असेल, तर प्रोसेसर आहे तोच ठेवून ग्राफिक्स कार्ड बदला.

आता कारणं. चोवीस तास पूर्ण भाराखाली चालणाऱ्या संगणकाचा हिशेब वेगळा असतो. प्रोसेसरचे पैसे एकदाच जातात, विजेचे दर महिन्याला. भिंतीतल्या सॉकेटमधून १०० वॅट सतत ओढले तर दिवसाला २.४ युनिट होतात, तीस दिवसांच्या महिन्याला ७२ आणि वर्षाला ८७६. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात. संगणकाचे ७२ युनिट हे पंखे, फ्रिज, टीव्ही यांच्या वर जाऊन बसतात, म्हणून त्यांना दर लागतो तो तुमच्या बिलातल्या सर्वांत वरच्या टप्प्याचा. एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागून निघणारा सरासरी दर इथे फसवतो. बिल समोर घ्या, वरच्या टप्प्याचा वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यावरचं वीज शुल्क एकत्र करा, म्हणजे तुम्हाला शेवटचं युनिट कितीला पडतं ते कळेल. हिशेबाच्या सोयीसाठी दहा रुपये धरू. शंभर वॅटचे वर्षाला ८,७६० रुपये, तीन वर्षांत सव्वीस हजारांच्या वर. म्हणजे तुमचं आजचं अख्खं बजेट. शंभर वॅट वाचवणारी निवड आणि शंभर वॅट उधळणारी निवड यांत एवढं अंतर आहे, आणि घरचा वापर आधीच २८० युनिटांच्या आसपास असेल तर टप्पा ओलांडल्याचा फटका वेगळा.

यासाठी खोक्यावरचा टीडीपीचा, म्हणजे प्रोसेसरच्या ठरलेल्या वॅटांचा, आकडा पुरेसा नाही. एएम४ वर ज्या प्रोसेसरवर १०५ वॅट लिहिलेलं असतं तो बोर्डावरच्या आपल्या सॉकेटमधून १४२ वॅटपर्यंत ओढू शकतो. या मर्यादेला पीपीटी म्हणतात, आणि बॉइंक रात्रंदिवस तिलाच जाऊन टेकतं. ५९००एक्स आणि ५९५०एक्स दोन्ही या १४२ च्या गटात. ५७००एक्स ६५ वॅटचा, त्याची पीपीटी ७६. बोर्डाच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे बायोसमध्ये, इको मोड ६५ वॅटवर लावला की मोठे प्रोसेसर ८८ वॅटवर थांबतात. ५४ वॅट कमी झाले म्हणून काम त्याच प्रमाणात घटत नाही, आणि इथेच सगळी गोम आहे. प्रोसेसरची वीज साधारणपणे वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग अशी वाढते. शेवटचे चार-पाचशे मेगाहर्ट्झ गाठण्यासाठी व्होल्टेज भरमसाट चढवावं लागतं. तो शेवटचा टप्पा सोडून दिला की वेग थोडा उतरतो, वीज मात्र पुष्कळ उतरते. म्हणून बॉइंकसारख्या वितरित गणनेत जास्त कोअर कमी वेगाने चालवणं हे थोडे कोअर जोरात पळवण्यापेक्षा बहुतेक वेळा परवडतं. आठ कोअरना ताणून जे काम निघतं ते बारा कोअर आरामात चालवूनही निघतं, आणि खोली कमी तापते.

मग याच न्यायाने ५९५०एक्स का नको, असं तुम्ही विचाराल. वॅटमागे काम किती, एवढंच बघितलं तर एएम४ वर माझ्या मते तोच पहिला. सोळा कोअर, बत्तीस थ्रेड (कोअरमागे दोन, म्हणजे एकावेळी बत्तीस कामं), ८८ वॅट. पण बत्तीस थ्रेड भरायला रॅम लागते, ती तुमच्याकडे नाही, आणि प्रोसेसरवर सगळे पैसे घालून रॅमअभावी निम्मे थ्रेड रिकामे ठेवणं मला पटत नाही. कुठे चांगल्या स्थितीतला, बिलासकट आणि वॉरंटी शिल्लक असलेला वापरलेला ५९५०एक्स मिळाला आणि रॅमला पैसे उरले, तर बेलाशक घ्या.

रॅमचं गणित प्रकल्पागणिक बदलतं. रोझेटाचं एक काम सहज एक जीबी खातं, कधी त्याहून जास्त. आज तुमच्या १२ थ्रेडांवर नुसतं रोझेटा चालवलं तरी विंडोज आणि ब्राउझर धरून १६ जीबी जेमतेम पुरतात. ५९००एक्सच्या २४ थ्रेडांवर ते अशक्य आहे. बॉइंक तसं शहाणं आहे, मेमरी संपली की ते काही कामं थांबवून ठेवतं आणि रांगेत 'मेमरीची वाट बघतोय' अशी नोंद दाखवतं. पण मग विकत घेतलेले कोअर नुसते बसून राहतात. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडची कामं यामानाने हलकी असतात. म्हणून बॉइंकच्या ॲप कॉन्फिग फाइलमध्ये रोझेटाची एकावेळी चालणारी कामं दहा-बारावर बांधून ठेवा, बाकीचे थ्रेड वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडला द्या. ३२ जीबीत हे मिश्रण छान बसतं. बोर्डावर रॅमच्या चार जागा असतील तर आहेत त्याच जातीच्या आणखी दोन पट्ट्या टाका, जुन्या विकायची गरज नाही. दोनच जागा असतील तर सोळा-सोळाच्या दोन घ्याव्या लागतील. एकच मोठी पट्टी घेऊन पैसे वाचवू नका. डीडीआर४-३२०० च्या दोन वाहिन्यांची कागदावरची क्षमता सेकंदाला ५१.२ जीबी आहे. एकाच पट्टीवर ती निम्मी होते, आणि ती निम्मी बारा कोअरांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला दोन जीबीच्या आसपास उरतात.

रोझेटाबद्दल आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी, नाहीतर नवा प्रोसेसर लावल्यावर तुमची निराशा होईल. हा सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेचा प्रकल्प. प्रथिनांच्या रचनेच्या कामासाठी त्यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. या प्रकल्पाच्या कामाला वेळेचं लक्ष्य ठरवून दिलेलं असतं, मुळात आठ तासांचं, आणि खात्याच्या सेटिंगमध्ये ते बदलता येतं. प्रोसेसर जुना असो वा नवा, काम आठ तासच चालतं. वेगवान प्रोसेसर तेवढ्या वेळात प्रथिनाचे जास्त नमुने घडवून बघतो, एवढाच फरक. तेव्हा 'नवा प्रोसेसर घेतला तरी काम तेवढाच वेळ घेतंय' अशी तक्रार रोझेटावरून करण्यात अर्थ नाही. पूर्ण झालेल्या कामाच्या पानावर तळाशी किती 'डिकॉय' तयार झाले ते छापलेलं असतं. तुलना करायची ती त्या आकड्याची, आणि तीही एकाच जातीच्या कामांत.

आता मूळ संख्या शोधणारा प्राइमग्रिड, म्हणजे कॅशचा (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या, वेगवान मेमरीचा) विषय. इथे जरा थांबू, कारण एक्स३डी घ्यावा की नाही हे इथेच ठरतं. मोठ्या संख्या मूळ आहेत की नाहीत हे तपासताना प्रोसेसर एकच प्रचंड संख्या पुन:पुन्हा वर्ग करत असतो. त्यासाठी ती संख्या तुकड्यांत मोडून फूरिए रूपांतर वापरतात. प्रत्येक तुकडा आठ बाइटांच्या दशांश संख्येत ठेवला जातो आणि मूळ संख्येचे साधारण १८ बिट त्यात मावतात. हे तुकडे एल३, म्हणजे प्रोसेसरमधल्या सर्वांत मोठ्या, कॅशमध्ये मावले तर काम सुसाट चालतं. मावले नाहीत तर प्रत्येक फेरीला रॅमपर्यंत खेप घालावी लागते आणि कोअर वाट बघत बसतात.

उदाहरणाने बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये गिम्प्स या मूळ संख्या शोधणाऱ्याच दुसऱ्या प्रकल्पाने आजवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या जाहीर केली: दोनचा १३,६२,७९,८४१ वा घात वजा एक. लिहिली तर ४,१०,२४,३२० अंकी. या संख्येचे बिट १३ कोटी ६३ लाखांच्या घरात. त्यांना १८ ने भागा, साधारण ७५ लाख तुकडे झाले. प्रत्येकी आठ बाइट म्हणजे ६ कोटी बाइट, सुमारे ६० एमबी. ५७००एक्सची एल३ कॅश ३२ एमबी आहे, त्यात हे मावत नाही. ५९००एक्सच्या खोक्यावर ६४ एमबी लिहिलेलं दिसेल, पण ती सहा-सहा कोअरांच्या दोन चिपांवर ३२-३२ अशी विभागलेली आहे, त्यामुळे एका कामाला सलग ६४ मिळत नाही. ५७००एक्स३डीवर मात्र आठही कोअरना मिळून ९६ एमबीची एकच कॅश आहे, आणि हे काम तीत आरामात बसतं. म्हणून कोणी मला सांगितलं की मी फक्त गिम्प्स किंवा प्राइमग्रिडच्या लांबलचक कामांसाठी संगणक चालवतो, तर मी डोळे झाकून एक्स३डी सांगेन. (ती विक्रमी संख्या सापडली ग्राफिक्स कार्डावर, हेही लक्षात असू द्या. तिथेही वारं कुठे वाहतंय ते दिसतं.)

प्राइमग्रिडची सगळीच कामं एवढी अवजड नसतात. दहा लाख तुकड्यांचं काम आठ एमबीत बसतं, तशी तीन-चार कामं ३२ एमबीत एकावेळी चालतात. तुम्ही प्राइमग्रिड अधूनमधून चालवता, म्हणजे ५९००एक्सच्या दोन चिपांवर दोन कामं, प्रत्येकी सहा थ्रेडची, असं लावलंत तरी उत्तम चालेल. प्राइमग्रिडच्या सेटिंगमध्ये एका कामाला किती थ्रेड द्यायचे ते ठरवता येतं. असली कामं करताना बॉइंकला ५० टक्केच प्रोसेसर वापरू द्या, म्हणजे एका कोअरवर एकच थ्रेड. हे गणित कोअरचं गणनायंत्र एकट्यानेच पुरतं व्यापून टाकतं, दुसऱ्या थ्रेडला करायला काही उरत नाही, उलट कॅशची ओढाताण होते. रोझेटा आणि वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडला याच्या उलट: सगळे थ्रेड चालू ठेवले की एकूण काम वाढतं.

तुमच्या २६०० ची एक उणीव इथेच सांगून टाकतो. रायझनच्या झेन आणि झेन प्लस (२६०० यातलाच) या पहिल्या पिढ्यांत एव्हीएक्स२ च्या, म्हणजे एकाच वेळी अनेक संख्यांवर गणित करण्याच्या, २५६ बिटांच्या सूचना १२८-१२८ अशा दोन हप्त्यांत चालतात. २०१९ मध्ये आलेल्या झेन २ पासून त्या एका दमात चालू लागल्या. त्यामुळे कोअर तेवढेच ठेवून नुसती पिढी बदलली तरी प्राइमग्रिडमध्ये मोठी उडी दिसते. कॅशही सुधारली: २६०० वर तीन-तीन कोअरांच्या दोन गटांना आठ-आठ एमबी, ५७००एक्स, ५९००एक्स यांच्या झेन ३ पिढीत सहा किंवा आठ कोअरांच्या गटाला ३२. पैसे अगदीच कमी पडले तर सहा कोअरांचा ५६०० हाही या कारणाने वाईट नाही. फक्त त्याच्या नावाखाली ५६००जी गळ्यात पडू देऊ नका, त्याची एल३ निम्मी, १६ एमबी आहे.

बॉइंक स्वतः जी चाचणी घेतं, व्हेटस्टोन आणि ड्रायस्टोन, तिला हे काहीच दिसत नाही. ती इवलीशी चाचणी आतल्या कॅशमध्येच आटोपते. त्यामुळे तिचे आकडे बघून प्रोसेसर निवडू नका.

आइन्स्टाइन ॲट होमबद्दल सुरुवातीला जे म्हटलं त्याचं कारण असं की तिथली बरीचशी कामं ग्राफिक्स कार्डासाठी लिहिलेली आहेत, आणि त्यात साधारण कार्डही चांगल्या प्रोसेसरला मागे टाकतं. या प्रकल्पाबद्दल मला विशेष ओढा आहे. २०१० मध्ये अरेसिबोच्या दुर्बिणीच्या नोंदींतून यानं आपला पहिला पल्सार (ठरावीक ठेक्याने रेडिओ लहरी पाठवणारा, गरगर फिरणारा तारा) शोधला, आणि तो सापडला आयोवातल्या आणि जर्मनीतल्या घरगुती संगणकांवर. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेच्या नोंदींत सतत वाहणाऱ्या अशा लहरींचा शोधही इथेच चालतो. त्याच कुळातली लायगो-इंडिया वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे, तिला २०२३ मध्ये केंद्राची अंतिम मंजुरी मिळाली. तुम्हाला प्रामुख्याने हेच काम करायचं असेल तर २६०० पुरेसा आहे. कार्डाच्या प्रत्येक कामाला प्रोसेसरचा एक थ्रेड मोकळा लागतो, तेवढा सोडा. आज तुम्ही बाराही थ्रेड प्रोसेसरच्या कामांना दिले असतील तर १६५० उपाशी राहत असणार. एक थ्रेड कमी करून बघा, काही खर्च न करता फरक पडेल.

बोर्डाकडे वळू. संगणक बंद करून बाजूचं झाकण काढा आणि प्रोसेसरच्या सॉकेटच्या डावीकडे, मागच्या जोडण्यांच्या बाजूला बघा. तिथे चौकोनी करड्या चोकांची (तारेची गुंडाळी असलेल्या ठोकळ्यांची) रांग दिसेल. त्या रांगेला लागून ज्या लहान काळ्या चिपा असतात त्यांच्यावर ॲल्युमिनियमचा ठोकळा स्क्रूने बसवलेला आहे का? तोच व्हीआरएमचा हीटसिंक. स्वस्तातल्या काही बी४५० आणि बहुतेक ए३२० बोर्डांवर तो नसतो, चिपा उघड्याच असतात. गेम खेळताना हे खपून जातं, कारण भार चढ-उतार करत असतो. आठवडेच्या आठवडे १४२ वॅट वाहायचे तर उघड्या चिपा तापून प्रोसेसरचा वेग पाडतात आणि बोर्डाचं आयुष्य खातात. इको मोडच्या ८८ वॅटला हीटसिंकवाला साधा बोर्डही पुरतो. उघड्या चिपांच्या बोर्डावर मी ७६ च्या पुढे जाणार नाही.

दुसरं बायोसचं. बी४५० वर रायझन ५००० मालिकेला एएमडीने २०२१ पासून परवानगी दिली, पण त्यासाठी नवी आवृत्ती लागते. बोर्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर तुमच्या अचूक मॉडेलची, आणि बोर्डाच्या कोपऱ्यावर छापलेल्या रिव्हिजनचीसुद्धा, प्रोसेसरची यादी बघा. ५९००एक्स त्यात असेल तरच दुकानात जा. बायोस बदलायचं ते जुना २६०० जागेवर असतानाच, संगणक यूपीएसवर लावून. काही बोर्डांची बायोस चिप १६ एमबीचीच असल्यामुळे नवी आवृत्ती भरली की फार जुन्या प्रोसेसरांचा आधार निघून जातो, आणि परत मागे येणं अवघड होतं. टिपणीत तसं लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

२६०० काढताना एक काळजी. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, आणि जुनी पेस्ट वाळली की कूलर उचलताना प्रोसेसर सॉकेटमधून त्याच्यासोबत उपटून येतो, पिना वाकतात. आधी दहा-पंधरा मिनिटं बॉइंक पूर्ण भाराने चालू द्या, मग बंद करून लगेच कूलर हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवा, पकड सुटली की उचला. २६०० सोबत आलेला छोटा कूलर या नव्या प्रोसेसरांना चालणार नाही, आणि ५७००एक्स, ५९००एक्स यांच्या खोक्यात कूलर येतच नाही. एका टॉवरचा, १२० मिमी पंख्याचा साधा हवेचा कूलर ८८ वॅटला भरपूर झाला. पाण्याच्या कूलरवर पैसे घालू नका, चोवीस तास चालणाऱ्या यंत्रात पंप हा आणखी एक बिघडणारा भाग होतो. पॉवर सप्लाय ४५० वॅटचा चालेल: प्रोसेसर ८८, कार्ड ७५, बाकी किरकोळ. मात्र तो पाच-सहा वर्षं असाच राबलेला असेल तर बदलायच्या यादीत त्याचाही नंबर लावा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइन जुन्या सर्व्हरमधले इंटेलचे झिऑन प्रोसेसर फार स्वस्त मिळतात. २०१६ चा ई५-२६८० व्ही४ घ्या: १४ कोअर, २८ थ्रेड, ३५ एमबी कॅश, मेमरीच्या चार वाहिन्या. किंमत ऐकून मोह होतो. पण तो १४ नॅनोमीटरचा, १२० वॅटचा प्रोसेसर आहे, आणि त्याला लागणारे बोर्ड बहुधा अनोळखी छापाचे. तीन वर्षांची वीज मिळवली की स्वस्ताई उरत नाही. इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीत जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसर खराब होण्याचा प्रश्न निघाला होता. इंटेलने २०२४ मध्ये त्यावर उपाय म्हणून नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तरी वापरलेला घेताना तो आधी कसा राबला हे कळायला मार्ग नसतो, म्हणून मी टाळेन. एएम५ उत्तमच आहे, झेन ४ पासून एव्हीएक्स-५१२ आहे आणि मूळ संख्यांच्या कामांना त्याचा मोठा फायदा होतो, पण बोर्ड आणि डीडीआर५ धरून तो खर्च तुमच्या आवाक्याबाहेर जातो.

जळगावच्या उन्हाळ्याबद्दल. संगणकाने ओढलेली वीज शेवटी सगळी उष्णता होऊन खोलीत येते. भिंतीतून २०० वॅट गेले तर खोलीत २०० वॅटची शेगडीच चालू आहे, आणि तिथे एसी असेल तर ती उष्णता बाहेर फेकायला तो आणखी वीज घेणार. एप्रिल-मेमध्ये बॉइंकला रात्री अकरा ते सकाळी आठ एवढीच वेळ द्या, वारानुसार वेळा लावायची सोय त्यात आहे. काम कमी करायचं तर प्रोसेसरची टक्केवारी घटवा. 'सीपीयू टाइम' नावाची दुसरी टक्केवारी शंभरवरच असू द्या, कारण ती कामं क्षणाक्षणाला थांबवते-चालू करते आणि तापमान सारखं वरखाली होत राहतं. या प्रोसेसरांची कमाल मर्यादा ९० अंश आहे. भर उन्हाळ्यात ८० च्या आत ठेवता आलं तर मी निश्चिंत असतो. वीज जाण्याचा त्रास असेल तर यूपीएस हवाच, आणि मुदत जवळची असलेली लांब कामं घेऊ नका.

वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड २००४ मध्ये आयबीएमने सुरू केलं, २०२१ मध्ये ते टोरांटोच्या क्रेम्बिल संस्थेकडे गेलं. तिथला आणि रोझेटाचाही कामाचा पुरवठा मधूनमधून आटतो. म्हणून एखाद्या प्रकल्पाचा 'रिसोर्स शेअर' शून्य करून ठेवा. बॉइंक त्याला राखीव धरतं आणि बाकीच्यांकडे काम नसेल तेव्हाच त्याच्याकडे जातं.

बदल करायच्या आधी आजचं मोजमाप लिहून ठेवा. पाचशे-हजारात प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर मिळतो, तो घ्या. एकाच प्रकल्पाची, एकाच जातीची वीसेक पूर्ण झालेली कामं घेऊन त्यांच्या 'रन टाइम'ची सरासरी काढा. शेजारी 'सीपीयू टाइम'ही असतो. दोन्हींत मोठी तफावत असेल तर कामं एकमेकांच्या पायात पाय घालताहेत, आधी थ्रेड कमी करा. समजा बारा थ्रेडांवर एक काम चार तास घेतं आणि मीटर १२० वॅट दाखवतो. दिवसाला ७२ कामं, २.८८ युनिट, म्हणजे युनिटमागे २५ कामं. नव्या प्रोसेसरवर, समजा, चोवीस थ्रेड, तेच काम साडेतीन तासांत आणि मीटरवर १४० वॅट. दिवसाला सुमारे १६५ कामं, ३.३६ युनिट, म्हणजे युनिटमागे ४९. हे आकडे रीत समजावी म्हणून घेतले आहेत. तुमचे तुम्ही काढा आणि इको मोड लावून आणि काढून, दोन्ही वेळा मोजा.

प्रोसेसर बसल्यावर लगेच बॉइंक सोडू नका. रॅम ३२०० वर लावून रात्रभर मेमरीची चाचणी घ्या, मग गिम्प्सचाच प्राइम९५ 'टॉर्चर टेस्ट'मध्ये तास-दोन तास चालवा आणि व्हीआरएम, प्रोसेसर दोन्हींची तापमानं बघा. वेग वाढवण्याच्या भानगडीत पडू नका. बरेच प्रकल्प एकच काम दोन संगणकांना देऊन निकाल ताडून बघतात. तुमचा चुकला तर तो बाद होतो आणि तेच काम तिसऱ्याला करावं लागतं. पहिला आठवडा खात्यातल्या 'इनव्हॅलिड' आणि 'एरर' या रकान्यांवर नजर ठेवा. तिथे काही दिसू लागलं तर आधी रॅम २९३३ वर उतरवून बघा. चार पट्ट्या लावल्यावर बहुतेकदा दोष तिथेच निघतो.